‘विक्रांत’ची जीवनयात्रा

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याने प्रवास करणाऱ्या माणसास समुद्रातील दुर्ग पदोपदी भेटतात. थळच्या समोर खांदेरी आणि उंदेरी ही जोड बेटे दिसतात. अलिबागला ओहोटीच्या वेळी पायी जाता येईल इतक्या अंतरावर कुलाबा किल्ला उभा आहे. आणखी दक्षिणेस मुरुडजवळ जंजिऱ्याचा तट लाटांचा मारा सोसत आहे. खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांच्या माणसांनी १६७९ साली ठाणे बसविले, तेव्हा मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांनीही ते उठविण्याचा प्रयत्न करून पाहिला. परंतु मराठ्यांनी बेट सोडले नाही. आज त्या खांदेरीची गणना जागतिक वारसास्थळांत होते. २०२५ साली मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना हा मान मिळाला, त्यांत रायगड आणि खांदेरी हे दोन्ही आहेत.

परंतु मुलांनो, या दुर्गांच्या आश्रयाने वावरणारी ती गलबते, ती गुराबे आणि ते मचवे आज कोठे आहेत? शिवाजी महाराजांच्या आरमाराविषयी आणि कान्होजी आंग्रे यांच्या पराक्रमाविषयी आपण वाचतो. कान्होजींची समाधी अलिबागेत आहे. पण त्यांच्या ज्या गुराबांचा दरारा साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर होता, त्यांतील एकही आज आपणांस पाहावयास मिळत नाही. काही वादळात गेल्या, काही कुजल्या आणि १७५६ साली विजयदुर्गाच्या लढाईत तर तुळाजी आंग्रे यांचे आरमार आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. किल्ल्याचे दगड राहिले. नौकांचे लाकूड मात्र काळाने नेले.

याचे कारण उघड आहे. किल्ला एकदा बांधला, की दुर्लक्ष होऊनही तो शेकडो वर्षे कसाबसा उभा राहतो. नौकेचे तसे नाही. ज्या पाण्याच्या आधाराने ती चालते, तेच पाणी तिला अहोरात्र झिजवीत असते. तिची नित्य निगा राखली तरच ती राहते. ही गोष्ट लाकडी गलबताची आहे, तशीच पोलादी युद्धनौकेचीही आहे. ती नीट समजून घ्यावयाची असेल, तर आपल्या नौदलाच्या पहिल्या विमानवाहू युद्धनौकेची, म्हणजे ‘विक्रांत’ची, जीवनकथा पाहिली पाहिजे.

‘विक्रांत’चा जन्म भारतात झाला नाही. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, १९४३ साली, इंग्लंडमधील टाइन नदीच्या काठी व्हिकर्स-आर्मस्ट्राँग या कारखानदारांच्या गोदीत तिची बांधणी सुरू झाली. तेव्हा तिचे नाव ‘हर्क्युलिस’ असे होते. सप्टेंबर १९४५ मध्ये ती पाण्यात उतरविण्यात आली. परंतु तोपर्यंत महायुद्ध संपले होते. ज्या युद्धासाठी ती घडविली जात होती, ते युद्धच उरले नाही. १९४६ साली तिचे काम थांबविण्यात आले आणि अर्धवट अवस्थेतील ती नौका दहा वर्षांहून अधिक काळ तशीच पडून राहिली.

इकडे भारत स्वतंत्र झाला होता. हजारो किलोमीटर लांबीचा किनारा लाभलेल्या देशास समर्थ आरमार हवे, हे आपल्या राज्यकर्त्यांनी ओळखले होते. १९५७ साली भारताने ती अपुरी नौका विकत घेतली आणि उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथील गोदीत तिचे राहिलेले काम नव्या सुधारणांसह पुरे करून घेतले. ४ मार्च १९६१ रोजी, ब्रिटनमधील भारताच्या तत्कालीन उच्चायुक्त श्रीमती विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत, ती भारतीय नौदलात दाखल झाली आणि तिचे ‘विक्रांत’ असे नामकरण झाले. ‘विक्रांत’ हा शब्द संस्कृत आहे. ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणे. ज्याने विक्रम केला, जो धैर्याने पुढे गेला, तो विक्रांत. तिचे बोधवाक्यही ऋग्वेदातून घेतलेले होते आणि आपल्याशी स्पर्धा करणाऱ्यांस युद्धात जिंकण्याचा निर्धार त्यात प्रकट झाला होता. कॅप्टन प्रीतमसिंग महिंद्रू हे तिचे पहिले कप्तान. ३ नोव्हेंबर १९६१ रोजी ती मुंबई बंदरात आली, तेव्हा तिच्या स्वागतास पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू स्वतः उपस्थित होते.

विमानवाहू नौका म्हणजे समुद्रावर तरंगणारा विमानतळच होय. ‘विक्रांत’ची लांबी सुमारे ७०० फूट, म्हणजे २१३ मीटर होती. कबड्डीची सुमारे सोळा मैदाने एकापुढे एक मांडली, तर एवढी लांबी भरेल. तिच्यावर हजारांहून अधिक माणसे राहात. त्यांच्यासाठी स्वयंपाकघरे होती, भटारखाना होता, रुग्णालय होते, निरनिराळ्या यंत्रांच्या दुरुस्तीचे कारखाने होते. वरच्या सपाट भागावर विमानांची धावपट्टी होती आणि तिच्या खालच्या मजल्यावर विमाने ठेवण्याची प्रशस्त जागा होती. तेथून विमाने मोठ्या पाळण्यांसारख्या यंत्रांतून वर आणली जात.

परंतु एवढी लांबीदेखील विमानास अपुरीच. जमिनीवरील विमानास उड्डाणापूर्वी शेकडो मीटर धावावे लागते. नौकेवर तेवढी जागा कोठून आणावी? यासाठी तीन युक्त्या योजलेल्या असत. पहिली अशी, की उड्डाणाच्या वेळी नौका वाऱ्याच्या रोखाने वेगाने हाकारीत, म्हणजे समोरून येणारा वारा विमानाच्या पंखांस उचलून धरी. दुसरी युक्ती वाफेची. धावपट्टीत बसविलेले एक यंत्र वाफेच्या जोराने विमानास असा हिसका देई, की गोफणीतून धोंडा सुटावा तसे ते क्षणार्धात नौकेवरून सुटे. तिसरी युक्ती उतरण्याची. विमानाच्या शेपटाशी एक आकडा असे आणि धावपट्टीवर आडव्या पोलादी तारा ताणलेल्या असत. खाली येणाऱ्या विमानाचा आकडा तारेत अडके आणि ते थोड्याच अंतरात थांबे. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट तहिलियानी यांनी ‘विक्रांत’वर पहिले जेट विमान उतरविले. हेच तहिलियानी पुढे आपल्या नौदलाचे सरसेनापती झाले.

पहिल्या दोन युक्त्या ध्यानात ठेवा. दोन्हींस वाफ लागते. नौकेचा वेग वाफेवर आणि विमानाचा हिसकाही वाफेवर. आणि वाफ निर्माण होते बॉयलरमध्ये. ‘विक्रांत’च्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग या बॉयलरनेच ओढवून आणला.

१९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झाले, तेव्हा ‘विक्रांत’ मुंबईच्या गोदीत दुरुस्तीसाठी होती. ती बुडविली गेल्याची आवई त्या वेळी पाकिस्तानकडून उठविण्यात आली. वस्तुतः ती गोदीत सुखरूप होती. परंतु देशावर युद्धाचा प्रसंग आला असता आपली नौका कामास आली नाही, याची खंत नौदलास लागून राहिली.

पुढे १९७० साली बॉयलरच्या पाण्याच्या पिंपांना तडे गेल्याचे आढळून आले. ते तडे जोडकाम करून बुजविता येण्याजोगे नव्हते. नवी पिंपे इंग्लंडहून आणावी लागणार होती आणि तोपर्यंत बॉयलर पेटवू नयेत, अशी सक्त आज्ञा झाली. इतक्यात १९७१ साल उजाडले. पूर्व पाकिस्तानात जनतेचा उठाव झाला, लक्षावधी निर्वासित भारतात आले आणि युद्धाची चिन्हे दिसू लागली. अशा वेळी ‘विक्रांत’ पुन्हा बंदरातच बसून राहणार काय?

नौदलाच्या अभियंत्यांपुढे मोठा पेच उभा राहिला. बॉयलर पूर्ण दाबाने चालविले तर स्फोट होऊन माणसे दगावण्याचे भय. न चालविले तर नौका असून नसल्यासारखी. अखेर वाफेचा दाब कमी ठेवून आणि प्रत्येक पायरीवर काळजीपूर्वक तपासणी करून बॉयलर पेटविण्याचा निर्णय झाला. नौका चालू लागली. तिचा पूर्वीचा वेग मात्र आता साधता येत नव्हता. विमाने उडविता येतील काय, याच्या चाचण्या समुद्रात घेण्यात आल्या आणि त्यांत यश येताच ती बंगालच्या उपसागराकडे पाठविण्यात आली. तडे गेलेल्या बॉयलरपाशी दिवसरात्र उभे राहून काम करणाऱ्या त्या खलाशांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच आढळतात. पण त्यांच्या हिंमतीवाचून पुढचा पराक्रम घडलाच नसता.

शत्रूची दृष्टी ‘विक्रांत’वर होतीच. तिला गाठण्यासाठी पाकिस्तानने ‘गाझी’ नावाची पाणबुडी बंगालच्या उपसागरात धाडली. तेव्हा आपल्या नौदलाने एक हुलकावणी दिली. ‘विक्रांत’ अंदमानच्या बाजूस दूर लपवून ठेवण्यात आली आणि ती विशाखापट्टणमच्या आसपासच आहे, असा भास ‘राजपूत’ या नौकेकडून बिनतारी संदेश पाठवून निर्माण करण्यात आला. ‘गाझी’ विशाखापट्टणमच्या रोखाने आली आणि ३ व ४ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री तेथेच बुडाली. ती कशाने बुडाली, याविषयी दोन्ही देशांच्या सांगण्यात फरक आहे. परंतु जिच्या शोधात ती आली होती, ती नौका तेथे नव्हतीच.

४ डिसेंबर १९७१ रोजी सकाळी ‘विक्रांत’वरून सी हॉक जातीची विमाने झेपावली. त्यांनी कॉक्स बाजार आणि चितगाव येथील विमानतळांवर व बंदरावर हल्ले चढविले. पुढील दिवसांत खुलना, मोंगला आदी ठिकाणी मारा झाला. रात्रीच्या मोहिमांत अलिझे जातीची विमानेही होती. परिणाम असा झाला, की समुद्रमार्गाने येणारी कुमक थांबली आणि त्याच मार्गाने निसटून जाणेही शत्रूस अशक्य झाले. १६ डिसेंबर रोजी ढाक्यात पाकिस्तानी सेना शरण आली आणि बांगलादेश मुक्त झाला. ‘विक्रांत’वरील योद्ध्यांना दोन महावीर चक्रे व बारा वीर चक्रे प्रदान करण्यात आली. तिचे कप्तान स्वराज प्रकाश हे महावीर चक्राच्या दोन मानकऱ्यांपैकी एक होते.

त्यानंतर आणखी पंचवीस वर्षे ‘विक्रांत’ देशाच्या सेवेत राहिली. सी हॉक विमाने निवृत्त झाली, त्यांच्या जागी सी हॅरियर विमाने आली आणि त्यांच्यासाठी धावपट्टीच्या टोकास वर उचललेली चढण बांधण्यात आली. शेकडो वैमानिकांनी सागरावर उतरण्याचे शिक्षण याच नौकेवर घेतले. अखेर ३१ जानेवारी १९९७ रोजी, छत्तीस वर्षांच्या सेवेनंतर, ती सन्मानपूर्वक निवृत्त झाली.

निवृत्त युद्धनौकेचे पुढे काय करावयाचे? बहुधा ती मोडून तिचे पोलाद विकतात. परंतु ‘विक्रांत’ ही सामान्य नौका नव्हती. तिचे संग्रहालय व्हावे, अशी लोकांची व नौदलाची इच्छा होती. त्याप्रमाणे २००१ साली ती लोकांस पाहण्यासाठी खुली झाली. वर्षातील काही ठरावीक दिवसच ही संधी मिळे आणि त्या दिवसांत शाळांतील मुलामुलींच्या रांगा लागत. जेथे विमाने ठेवीत, त्या जागेत जुनी विमाने आणि नौकांच्या प्रतिकृती मांडल्या होत्या. ज्या पट्टीवरून वैमानिक युद्धास निघाले, तिच्यावर मुलांस स्वतःच्या पायांनी चालता येई. मांडवा व रेवस येथून लाँचने मुंबईस जाणाऱ्या रायगडच्या लोकांनाही नौदलाच्या गोदीच्या बाजूस तिची उंच, करड्या रंगाची आकृती परिचयाची झाली होती.

परंतु नौका पाण्यातच होती आणि तिचे खरे दुखणे पाण्याखाली होते.

आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधव पावसाळ्याच्या तोंडावर होड्या वाळूवर ओढून घेतात आणि शाकारून ठेवतात. मग होडीचा तळ खरवडून काढतात, सांध्यांतील फटी बुजवितात, लाकडास नवे तेल किंवा रंग चढवितात. नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण करून ती पुन्हा पाण्यात जाते, तेव्हा तिचा तळ सुरक्षित झालेला असतो. जो नाखवा हे काम एक वर्ष टाळतो, त्यास पुढच्या वर्षी दुप्पट खर्च येतो. आणि जो ते टाळीतच जातो, त्याची होडी जाते. पोलादी नौकेसही हाच नियम लागू आहे. खारे पाणी आणि हवा यांच्यामुळे पोलादास गंज चढतो. तळाशी शिंपल्यांचे थर साचतात. पत्रे हळूहळू पातळ होतात आणि एके दिवशी त्यांतून पाणी आत शिरू लागते. म्हणून मोठी नौका ठरावीक काळाने सुक्या गोदीत घेऊन तिचा तळ साफ करावा लागतो, झिजलेले पत्रे बदलावे लागतात. होडी दहा माणसांनी ओढता येते; हजारो टन वजनाच्या नौकेस मात्र प्रचंड गोदी लागते, शेकडो कामगार लागतात आणि कोट्यवधी रुपये लागतात. हा खर्च एकदा करून भागत नाही. नौका जितकी वर्षे राखावयाची, तितकी वर्षे तो करावा लागतो.

‘विक्रांत’साठी योजना आखल्या गेल्या नाहीत, असे नाही. तिला एका जागी कायमची स्थिर करावी, तिच्यावर वर्षभर चालणारे संग्रहालय उभारावे आणि खर्चासाठी खाजगी भागीदार मिळवावा, असे विचार अनेक वेळा झाले. परंतु भागीदार पुढे आला नाही आणि योजना कागदावरून किनाऱ्यावर उतरली नाही. दरम्यान नौदल आपल्या परीने तिची देखभाल करीतच होते. पण नित्य कामावर असलेल्या नौका सोडून निवृत्त नौकेस गोदीत किती काळ जागा द्यावी, हा प्रश्न त्याच्यापुढे होता. अखेर नौका लोकांसाठी सुरक्षित राहिली नाही, म्हणून २०१२ साली संग्रहालय बंद झाले. २०१३ साली राज्यशासनाने तिचा भार उचलण्यास असमर्थता व्यक्त केली आणि तिचा लिलाव जाहीर झाला.

तेव्हा अनेक नागरिकांचे मन हळहळले. तिला मोडू नये, अशी विनंती करणारी याचिका मुंबईच्या उच्च न्यायालयात दाखल झाली. ती फेटाळली गेल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नौका जीर्ण होऊन धोकादायक झाली आहे, हे शासनाचे म्हणणे होते आणि ऑगस्ट २०१४ मध्ये न्यायालयाचा अंतिम निर्णय तिच्या मोडण्यास अनुकूल असा लागला. सुमारे ६० कोटी रुपयांस ती एका खाजगी कंपनीस विकली गेली होती. २८ मे २०१४ रोजी तिला ओढून मुंबईच्या दारूखाना भागातील जहाजे मोडण्याच्या बंदरात नेण्यात आले आणि नोव्हेंबरमध्ये तिचे पत्रे कापण्यास आरंभ झाला. युद्धात शत्रूस जी सापडली नाही, ती अशा रीतीने गंजापुढे हरली.

येथे कोणी विचारील, की मग युद्धनौका राखणे माणसाच्या आवाक्याबाहेरचेच आहे काय? तसे नाही. आपल्याच देशात विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ‘कुरसुरा’ नावाची पाणबुडी आहे. तीही १९७१ च्या युद्धात होती. २००१ साली ती निवृत्त झाली. त्यानंतर मोठ्या कष्टाने तिला पाण्याबाहेर काढून वाळूवर पक्क्या पायावर बसविण्यात आले आणि २००२ साली तिचे संग्रहालय झाले. पाणबुडी विमानवाहू नौकेपेक्षा लहान, हे खरे. पण तिला निवृत्त करताच कामास लागले आणि तिला खाऱ्या पाण्यातून बाहेर काढले, या दोन गोष्टी तिच्या उपयोगी पडल्या.

जपानातील ‘मिकासा’ या युद्धनौकेची कथा तर अधिक बोधप्रद आहे. ‘विक्रांत’प्रमाणेच तीही इंग्लंडमध्ये व्हिकर्स यांच्याच कारखान्यात बांधलेली. १९०५ साली त्सुशिमाच्या समुद्रात जपानने रशियाच्या आरमाराचा पराभव केला, तेव्हा सेनापती तोगो याच नौकेवर होते. १९२६ पासून ती योकोसुका येथे किनाऱ्याशी काँक्रीटमध्ये बसवून जतन केलेली आहे. दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर जपानी लोकांस तिच्याकडे लक्ष देता आले नाही. तिच्यावरील तोफा व अन्य भाग काढून नेले गेले आणि तेथे करमणुकीचे अड्डे उघडले. तिचा केवळ सांगाडा उरला. परंतु पुढे लोकांनी चळवळ केली, देशातून व परदेशांतूनही साहाय्य मिळविले आणि तिचा जीर्णोद्धार करून १९६१ साली ती पुन्हा खुली केली. ज्या वर्षी ‘विक्रांत’ मुंबईस आली, त्याच वर्षी ‘मिकासा’स नवे आयुष्य लाभले. ती आजही उभी आहे.

तिसरे उदाहरण ऐकून तुम्हांस नवल वाटेल. इंग्लंडमधील हार्टलपूल या गावी ‘ट्रिंकोमाली’ नावाची एक लाकडी युद्धनौका संग्रहालय म्हणून राखलेली आहे. पाण्यावर तरंगत असलेल्या ब्रिटिश युद्धनौकांत ती सर्वांत जुनी. ही नौका बांधली कोठे? आपल्या मुंबईच्या गोदीत! जमशेटजी बमनजी वाडिया या कुशल पारशी नौकाकारांच्या देखरेखीखाली, मलबारच्या सागवानातून ती घडविण्यात आली आणि ऑक्टोबर १८१७ मध्ये पाण्यात उतरली. तिचा पहिला आराखडा घेऊन येणारे जहाज वाटेत अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या युद्धनौकेने पकडले, म्हणून आराखडा दुसऱ्यांदा पाठवावा लागला होता. ती ‘कॉन्स्टिट्यूशन’देखील अमेरिकेतील बोस्टन बंदरात आजपर्यंत जपलेली आहे. सागवान टिकाऊ, हे खरे. परंतु केवळ सागवानामुळे ‘ट्रिंकोमाली’ वाचली नाही. १९८७ पासून हार्टलपूलच्या कारागिरांनी कित्येक वर्षे खपून तिची दुरुस्ती केली, तेव्हा ती वाचली.

दैवाचा खेळ पाहा. इंग्लंडात जन्मलेली ‘विक्रांत’ मुंबईत मोडली गेली आणि मुंबईत जन्मलेली ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडात जपली गेली. तथापि यावरून आपल्या लोकांच्या ठायी अभिमान नव्हता, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. ‘विक्रांत’साठी डोळे भरून आलेली माणसे असंख्य होती. उणीव पडली ती वेळेवर झालेल्या निश्चयाची आणि वर्षानुवर्षे पुरेल अशा तजविजीची. तसेच, ज्यांनी तिच्या खर्चाचा हिशेब मांडला, त्यांसही केवळ दोष देऊन भागणार नाही. ज्या पैशातून रुग्णालये व शाळा चालवावयाच्या, त्यातूनच जुन्या वस्तूही राखावयाच्या असतात. तेव्हा काय राखावे, कोणी राखावे आणि त्याचा खर्च कोठून करावा, हे वस्तू धडधाकट असतानाच ठरविले पाहिजे. तळास भोके पडल्यावर केलेला विचार उशिराचा ठरतो.

‘विक्रांत’ गेली, पण पूर्णपणे गेली नाही. तिच्या पोलादातून घडविलेले एक स्मारक जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्या नाविक गोदीच्या लायन गेटजवळ उभारण्यात आले. शिल्पकार अर्झान खंबाटा यांनी ते घडविले आहे. आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे नव्या ‘विक्रांत’ने भारताच्या सेवेत प्रवेश केला. जुनी परदेशात बांधलेली होती. नवी मात्र आपल्या देशातच, आपल्या कारागिरांनी बांधली. तिचे नाव तेच, तिचे बोधवाक्य तेच. त्याच दिवशी भारतीय नौदलाने नवे निशाण धारण केले आणि त्यावरील अष्टकोनी आकृती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली आहे. ज्या आरमाराची एकही नौका उरली नाही, त्याची खूण अशा प्रकारे सागरावर पुन्हा फडकू लागली.

नाव आणि निशाण टिकविणे त्या मानाने सोपे असते. प्रत्यक्ष वस्तू टिकविणे कठीण असते आणि म्हणूनच तिचे मोल अधिक असते. मुलांनो, तुमच्या गावच्या खाडीत एखादे जुने गलबत चिखलात रुतून पडले असेल. एखाद्या वृद्ध सुताराजवळ नौका बांधण्याची जुनी हत्यारे असतील. किल्ल्यावर गंजत पडलेली तोफ असेल. त्यांची माहिती विचारून घ्या, वहीत लिहून ठेवा, चित्र काढा आणि गावातील जाणत्या माणसांच्या दृष्टीस ती आणून द्या. उद्या तुम्हीच अधिकारी व्हाल, अभियंते व्हाल, ग्रामपंचायतीत बसाल. तेव्हा एखादी वस्तू राखावी की मोडावी, हा प्रश्न तुमच्यापुढे येईल. त्या वेळी तिच्याविषयीच्या प्रेमाबरोबर तिच्या डागडुजीचा हिशेबही तुमच्या हाती तयार असू द्या.

शब्दार्थ

गुराब – मराठ्यांच्या आरमारातील मोठी लढाऊ नौका. आवई – खोटी बातमी, अफवा. कुमक – मदतीसाठी येणारे सैन्य. हुलकावणी – चकवा. सुकी गोदी – पाणी काढून टाकून नौका दुरुस्त करण्याची जागा. शाकारणे – पावसापासून रक्षणासाठी झावळ्यांनी वा गवताने झाकणे. नाखवा – होडीचा मुख्य. जीर्णोद्धार – मोडकळीस आलेल्या वस्तूची पुन्हा उभारणी. तजवीज – आगाऊ केलेली व्यवस्था.

प्रश्न

१. किल्ला आणि नौका यांच्या टिकण्यात कोणता फरक आहे, असे लेखक म्हणतात?

२. विमानवाहू नौकेवरून विमान उडविण्यासाठी व उतरविण्यासाठी कोणत्या युक्त्या योजीत? वाफेचे महत्त्व सांगा.

३. १९७१ साली नौदलाच्या अभियंत्यांपुढे कोणता पेच होता? त्यांनी तो कसा सोडविला?

४. ‘कुरसुरा’, ‘मिकासा’ आणि ‘ट्रिंकोमाली’ या नौका कशा टिकल्या, ते प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत लिहा.

५. ‘विक्रांत’ मोडण्याचा निर्णय योग्य होता काय? दोन्ही बाजू मांडून वर्गात चर्चा करा.

६. ‘विक्रम’, ‘पराक्रम’, ‘विक्रांत’ या शब्दांतील समान धातू ओळखा व त्यापासून झालेले आणखी तीन शब्द शोधा.

७. उपक्रम – तुमच्या गावातील किंवा जवळच्या बंदरातील एखाद्या जुन्या नौकेची वा वस्तूची माहिती मिळवून पंधरा ओळी लिहा. ती कोण राखतो व त्यास काय खर्च येतो, हेही विचारा.